चांगलं असेल तर लावूच की, हे उत्तर अजून किती वर्षं चालवणार?

आयर्लंडमधल्या कुठल्याही कमर्शियल रेडिओवाल्याला विचारा की बाबा रे, सकाळी सात ते संध्याकाळी सात तुमच्याकडे इथल्या नवीन बँड्सची गाणी का लागत नाहीत, उत्तर ठरलेलं आहे. चांगलं असेल तर लावूच की, आमचं काय वाकडं आहे का त्यांच्याशी! आणि ऐकणाऱ्यालाही ते पटतं, कारण वरवर बघितलं तर त्यात चूक काढायला जागाच नाही, चांगलं असेल ते वाजेल, टुकार असेल ते पडेल, विषय संपला. मी बरीच वर्षं डब्लिनमध्ये राहतोय, किचनमध्ये आणि गाडीत रेडिओ सतत चालू असतो (बायको वैतागते, तो भाग वेगळा), आणि एवढं ऐकून माझं मत आता पक्कं झालंय की ही मंडळी गाडी उलटी चालवतायत. बँड चांगला झाला म्हणून इथल्या रेडिओने त्याला उचलला असं फार कमी वेळा होतं. रेडिओने आधी उचललं, तेही दिवसाढवळ्या, आणि मग बँड चांगला होत गेला, असं मात्र झालेलं आहे.

आता हे "चांगलं" ठरतं कसं ते बघा. पूर्वी जॉकी किंवा त्याचा प्रोड्युसर गाणं निवडायचा. आता मोठ्या म्युझिक स्टेशनांवर प्लेलिस्ट असते, ती कॉम्प्युटरच्या शेड्युलिंग सॉफ्टवेअरमधून येते, आणि दिवसा जॉकीच्या हातात फारसं काही नसतं, तो मधल्यामध्ये बोलतो. प्लेलिस्टमध्ये काय जाणार हे ठरवायला रिसर्च करतात. म्हणजे काय, तर स्टेशनच्या टार्गेट वयोगटातल्या लोकांना गाण्यांचे सातआठ सेकंदांचे तुकडे ऐकवायचे, त्याला हुक म्हणतात, आणि प्रत्येक हुकला तीन गोष्टी विचारायच्या: ओळखीचं वाटतं का, आवडतं का, ऐकून ऐकून कंटाळा आलाय का. बस्स. आता मला सांगा, ज्या बँडचं गाणं कधी कुठे लागलंच नाही तो ह्या परीक्षेत पास कसा होणार? पहिल्याच प्रश्नाला आडवा. आणि माणसाचा स्वभाव असा आहे की ओळखीचं असेल तेच आवडलं म्हणतो, सात सेकंदांत अनोळखी गाण्याच्या प्रेमात पडणारे लोक कमीच. अमेरिकन किंवा इंग्लिश स्टारचं गाणं डब्लिनच्या स्टेशनवर येतं तेव्हा त्याची ओळख आधीच झालेली असते, कुणीतरी त्याच्यावर भरपूर पैसा ओतलेला असतो, ते टिकटॉकवर असतं, जाहिरातीत असतं, शेजारच्या ब्रिटनमध्ये दिवसरात्र वाजत असतं. कॅव्हनसारख्या छोट्या गावातल्या चार पोरांच्या गाण्याची ओळख कोण करून देणार? अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, तसला प्रकार. आणि ह्या सगळ्याला वर क्वालिटी म्हणायचं.

माझ्या ऑफिसातला एक जण बँडमध्ये ड्रम वाजवतो. त्यांनी पदरचे पैसे घालून एक सिंगल रेकॉर्ड केलं, महिनाभरासाठी एक प्लगर ठेवला (प्लगर म्हणजे तुमचं गाणं घेऊन स्टेशनांच्या मागे लागणारा माणूस, तो पैसे घेतो, गाणं लागेलच अशी गॅरंटी देत नाही), आणि शेवटी एका मोठ्या स्टेशनवर गाणं लागलं. कधी? रविवारी रात्री अकराच्या पुढे. ह्याने गावाकडे आईला फोन करून जागं ठेवलं, म्हातारीने किचनमधला रेडिओ लावला, तेवढ्यात जॉकीने बँडचं नाव चुकीचं घेतलं. ऐकलं कुणी तर आईने. सोमवारी ऑफिसात आम्ही चहा पिताना तो म्हणाला, आमचं एअरप्ले झालं बरं का, आणि स्वतःच हसला. स्टेशनच्या हिशोबात मात्र ते एक आयरिश गाणं म्हणून जमा झालेलं असणार, संध्याकाळी पाचला लागलेल्या गाण्याइतकंच.

आधी असं नव्हतं असं मी म्हणणार नाही, आधी तर त्याहून वाईट होतं. सत्तरच्या दशकाच्या शेवटपर्यंत ह्या देशात पॉप ऐकायचं तर रेडिओ लक्झेंबर्ग नाहीतर बीबीसी नाहीतर पायरेट, म्हणजे बिनलायसन्सची स्टेशनं. सरकारी रेडिओवर दुपारी स्पॉन्सर्ड कार्यक्रम असायचे, त्यात वॉल्टन्स ह्या म्युझिकच्या दुकानाचा कार्यक्रम दर आठवड्याला श्रोत्यांना बजावायचा की गावंसं वाटलं तर आयरिश गाणं गा. गंमत म्हणजे त्याच काळात गावोगावचे शोबँड डान्स हॉलमध्ये बाहेरच्या हिट गाण्यांच्या कॉप्या वाजवून पोट भरत होते, कारण लोकांना तेच हवं होतं. मग १९७९ च्या ३१ मे रोजी आरटीई ह्या सरकारी प्रसारण संस्थेचं रेडिओ २ सुरू झालं, जे आज टूएफएम आहे, आणि तिथे पायरेट स्टेशनवरून आलेला डेव्ह फॅनिंग नावाचा पोरगेला माणूस रात्री बसायला लागला. आज जगभर गाजलेला यू टू हा बँड तेव्हा कोण होता? आदल्या वर्षी लिमरिकमध्ये एक टॅलेंट स्पर्धा जिंकलेली चार पोरं. त्यांची तीन गाण्यांची पहिली रेकॉर्ड सप्टेंबर १९७९ मध्ये निघाली, तीही फक्त आयर्लंडपुरती, आणि त्यातलं ए-साइडला, म्हणजे रेकॉर्डच्या मुख्य बाजूला, कुठलं ठेवायचं हे फॅनिंगच्या श्रोत्यांनी मत देऊन ठरवलं. विचार करा, बाहेर कुणी ह्यांना ओळखत नाही, आणि देशातलं नॅशनल स्टेशन श्रोत्यांना म्हणतंय की ह्या पोरांचं कुठलं गाणं बरं वाटतं ते सांगा. ती रेकॉर्ड आज ऐकली तर खरं सांगतो, ठीकठाक आहे. आवाज कच्चा, गिटार अजून स्वतःची वाट शोधतेय. हुक टेस्टमध्ये ती आजच्या कुठल्याही स्टेशनवर नापास झाली असती ह्याची मला खात्री आहे. पुढे वर्षानुवर्षं यू टूचं नवीन सिंगल आधी फॅनिंगच्या कार्यक्रमात वाजवायचं अशी रीतच पडली. त्यांना माहिती होतं की सुरुवात कुठे झाली.

हां, आता दुसरी बाजू. आयरिश बँड म्हणजे सगळे हिरे, रेडिओवाले तेवढे दगड, असं काही नाहीये. यू टू मोठे झाल्यावर ऐंशीच्या दशकात लंडनच्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं डब्लिनच्या पबमध्ये पुढचे यू टू शोधत फिरत होती, आणि बँडही इतके हुशार की ते पुढचे यू टू असल्यासारखेच वाजवायला लागले. यू टूने १९८४ मध्ये नवीन बँड्सना मदत म्हणून मदर रेकॉर्ड्स नावाचं लेबल काढलं, हॉटहाऊस फ्लॉवर्सचं पहिलं सिंगल तिथूनच आलं, पण त्या काळात साइन झालेले आणि दोनतीन वर्षांत कंपनीने सोडून दिलेले बँड मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल. नंतर डेमियन राइसने २००२ मध्ये स्वतःच्या जिवावर अल्बम काढला, तो जगभर चालला, आणि मग काय, पुढची काही वर्षं डब्लिनमध्ये दर दुसरा पोरगा गिटार घेऊन खालच्या पट्टीत कण्हत बसलेला. त्यातलं बरंचसं कुठल्याही रेडिओने न लावणंच योग्य होतं. देशातलं आहे एवढ्याच कारणावर कंटाळवाणं गाणं लोकांच्या माथी मारू नये, ह्यात मी स्टेशनवाल्यांच्या बाजूने आहे. फक्त प्रश्न असा की कंटाळवाणं कुठलं आणि नुसतंच अनोळखी कुठलं हे ओळखणारा माणूस स्टेशनमध्ये उरलाय का? सॉफ्टवेअरला ते कळत नाही.

आणि क्वालिटीचाच मुद्दा असेल तर गेल्या दहाएक वर्षांत तो संपायला हवा होता. फाँटेन्स डी.सी. बघा. डब्लिनच्या म्युझिक कॉलेजात भेटलेली पोरं, गाणी डब्लिनच्या गल्ल्यांबद्दल, उच्चार इतके डब्लिनचे की मला पहिल्यांदा निम्मे शब्द कळले नाहीत. २०१९ मध्ये पहिला अल्बम आला, ब्रिटनमधल्या मर्क्युरी प्राइझच्या यादीत गेला, आणि बीबीसीच्या सिक्स म्युझिक ह्या रेडिओ स्टेशनने त्याला वर्षाचा अल्बम म्हटलं. बीबीसीने! दोन वर्षांनी ग्रॅमीचं नामांकन, २०२३ मध्ये ब्रिट अवॉर्ड. लँकम हा आणखी वेगळा प्रकार, जुनी लोकगीतं घेऊन त्यांचा असा काही घुमणारा, अंगावर येणारा आवाज करतात की रात्री हेडफोनवर ऐकायला हिंमत लागते, त्यांनी इथलं चॉइस म्युझिक प्राइझ दोनदा मारलं. सीमॅट ही गायिका आहे, पिलो क्वीन्स हा बँड आहे, बेलफास्टचे आयरिश भाषेत रॅप करणारे नीकॅप आहेत, ज्यांचं पहिलंवहिलं गाणं एका आयरिश भाषेतल्या रेडिओनेच शिव्या आणि ड्रग्जच्या उल्लेखांमुळे बंद केलं होतं. पाच मिलियन लोकांचा देश आहे हो, म्हणजे अर्धा कोटी, आपल्या पुणे जिल्ह्याहून कमी. एवढ्या लोकसंख्येतून एवढं येतंय. आणि इथल्या दिवसाच्या कमर्शियल रेडिओचा ह्यात वाटा किती? ह्यातल्या बऱ्याच जणांना आपल्याच देशातल्या सकाळच्या रेडिओवर जागा मिळाली ती बाहेरून शिक्का बसल्यावर. लिमरिकच्या क्रॅनबेरीज ह्या बँडचंही १९९३ मध्ये तेच झालं होतं, आधी अमेरिकेने उचलून धरलं, मग इकडच्यांना जाग आली. तीस वर्षांत पद्धत तीच.

ह्यावर कुणी म्हणेल, मग बिघडलं कुठे, झालेच ना मोठे? झाले. पण जे लंडनला जाऊ शकले, ज्यांना तिकडे लेबल मिळालं, ते झाले. माझा ड्रमर मित्र लंडनला जाऊ शकत नाही, त्याला इथे नोकरी आहे, घरी लहान मूल आहे. आणि बाहेर जाऊन मोठं व्हायचं म्हणजे काय गायचं हेही बाहेरचाच ठरवणार, ब्रिटिश रेडिओला आयरिश बँड ज्या रूपात आवडतो त्याच रूपात तो वर येणार, थोडा चिडलेला, थोडा कवी, पबमध्ये बसलेला. त्या साच्यात न बसणारे, म्हणजे कॉर्कमधले सिंथवाले किंवा डब्लिनच्या उपनगरातली नायजेरियन वंशाची रॅप करणारी पोरं, त्यांना तिकडून तेवढं सहज तिकीट मिळत नाही. ती जबाबदारी इथल्या रेडिओची आहे, दुसऱ्या कुणाची नाही.

आणि रेडिओ आता ऐकतो कोण, सगळे स्पॉटिफायवर गेले, हेही मला पटत नाही. आयर्लंड ह्या बाबतीत विचित्र देश आहे. जेएनएलआर म्हणून इथला श्रोत्यांचा अधिकृत सर्व्हे असतो, त्यात वर्षानुवर्षं आठवड्यातून रेडिओ ऐकणारे प्रौढ साधारण दहात नऊ निघतात. न्हाव्याच्या दुकानात रेडिओ, टॅक्सीत रेडिओ, ट्रॅक्टरमध्ये रेडिओ, कुणी गेलं तर लोकल स्टेशनवर मृत्यूच्या बातम्या वाचतात त्यासुद्धा लोक कान देऊन ऐकतात. गाणं रेडिओवर लागलं की इमरो ही संस्था गीतकार-संगीतकाराला पैसे देते, ते स्ट्रीमिंगच्या चिल्लरपेक्षा बरे असतात. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे मलिंगार किंवा लेटरकेनीला जाऊन कार्यक्रम करायचा तर तिकडच्या माणसाने तुमचं नाव तरी ऐकलेलं पाहिजे, आणि तो माणूस कुठल्या म्युझिक वेबसाइटवर बसलेला नसतो, तो व्हॅन चालवत असतो. वीस रात्री वीस गावांत वाजवलं की बँड सुधारतो, दुसरं काही औषध नाही त्याला. ट्यूम गावचे सॉ डॉक्टर्स बघा, १९९० मध्ये त्यांचं गाणं नऊ आठवडे आयर्लंडमध्ये एक नंबरवर होतं. चर्चमध्ये समोर बसलेली जुनी मैत्रीण दिसते, एवढाच विषय! डब्लिनच्या शहाण्यांनी नाकं मुरडली, बाकी देश आजही ते गाणं तोंडपाठ म्हणतो. लोकांना आपलं ऐकायचं नसतं असं कोण म्हणतं?

क्वालिटीच्या बहाण्याचं सगळ्यात मोठं पितळ उघडं पडलं ते २०२० मध्ये. लिंडा कूगन बर्न ह्या म्युझिक पब्लिसिस्ट बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधं काम केलं: एकेका स्टेशनवर सगळ्यात जास्त वाजलेली आयरिश कलाकारांची गाणी काढली आणि त्यात बाया किती ते मोजलं. बऱ्याच स्टेशनांच्या पहिल्या वीसमध्ये एखाददुसरी, कुठे कुठे तीही नाही. सिनेड ओ'कॉनर आणि क्रॅनबेरीजची डोलोरेस ओ'रिऑर्डन ह्या गायिकांच्या देशात! आता क्वालिटी हेच कारण असेल तर स्टेशनवाल्यांना असं म्हणावं लागेल की आयर्लंडमध्ये सध्या एकाही बाईला गाता येत नाही. असं तोंडावर कोण म्हणणार, कुणी म्हटलंही नाही. उलट त्याच सुमारास लॉकडाऊनमध्ये चाळीसेक गायिकांनी मिळून क्रॅनबेरीजचं एक जुनं गाणं घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या संस्थेच्या मदतीसाठी नव्याने रेकॉर्ड केलं आणि ते पटापट सगळीकडे वाजायला लागलं. म्हणजे प्लेलिस्ट हा काही दगडावर कोरलेला शिलालेख नाही, आकडे चारचौघांत आले आणि लाज वाटली की एका आठवड्यात बदलता येते. माझ्या मते ह्या सगळ्या वादात आजपर्यंत झालेलं सगळ्यात कामाचं काम हेच, मोजून छापणं.

माझ्या विरोधात जाणारी एक गोष्ट आहे, ती पण सांगतो, कारण कमर्शियल रेडिओवाले ती हमखास काढतात. फँटम एफएम. डब्लिनमधलं हे पायरेट स्टेशन, नव्वदच्या दशकापासून नवीन रॉक आणि लोकल बँड वाजवणारं, बऱ्याच खटपटीनंतर लायसन्स मिळून २००६ मध्ये रीतसर सुरू झालं. २०१४ मध्ये त्याचं नाव टीएक्सएफएम केलं, ऑक्टोबर २०१६ मध्ये बंद पडलं. पैशाचं गणित बसलं नाही. बघा, म्हणतात, तुम्हाला हवं तसं स्टेशन दिलं होतं, ऐकलं का कुणी? प्रश्न रास्त आहे. पण मला त्यातून वेगळंच दिसतं. नवीन बँड्सना एका कोपऱ्यात वेगळी खोली बांधून दिली की तिथे फक्त आधीपासून शौकीन असलेलेच जाणार, आणि शौकीन थोडेच असतात, जाहिरातदार तर त्यांना विचारतही नाहीत. अनोळखी गाणं लोकांच्या गळी उतरतं ते दोन ओळखीच्या गाण्यांच्या मध्ये आलं तर, सकाळी दाढी करताना, पोरांना शाळेत सोडताना. जुने डब्लिनकर भेटतात तेव्हा मला फँटम आवडायचं असं म्हणत फार हळहळतात, पण मी म्हणतो, ते काम एका गरीब स्टेशनच्या गळ्यात का मारलं होतं, आणि मोठ्यांना मोकळं का सोडलं होतं.

मग कोटा का नाही लावत? तीस टक्के, चाळीस टक्के, कायद्याने? लेबर पक्षाचे खासदार विली पेनरोझ ह्यांनी २०१६ मध्ये चाळीस टक्के आयरिश म्युझिकचं बिल आणलं होतं, त्यावर चर्चा झाली, कायदा काही झाला नाही. स्टेशनवाले म्हणाले काय वाजवावं ह्यात सरकारने पडू नये. हे ऐकून मला हसू आलं, कारण १९८८ च्या ज्या कायद्याने ह्या खासगी स्टेशनांना जन्म दिला त्याच कायद्यात लिहिलं होतं की प्रसारणाच्या वेळातला किमान वीस टक्के वेळ बातम्या आणि चालू घडामोडींना द्यायचा. ते चालतं. हवेतली फ्रीक्वेन्सी जनतेची आहे, ती फुकटात कुणाच्या बापाची होत नाही, अटी असणारच. खरी अडचण युरोपची आहे. इथल्या लायसन्समध्ये आयरिश म्युझिकच्या टक्क्यांची अट नव्वदच्या दशकात होती, पण कलाकार कुठल्या देशाचा हे बघून राखीव जागा ठेवणं युरोपियन युनियनच्या नियमात बसत नाही असा आक्षेप ब्रसेल्सने घेतला आणि व्याख्या सैल करावी लागली. फ्रान्सला जमतं कारण त्यांचा कोटा भाषेवर आहे, फ्रेंच गाण्यांना चाळीस टक्के, १९९६ पासून. आयर्लंडचे बहुतेक बँड गातात इंग्रजीत. इंग्रजांची भाषा गळ्यात पडली ती अशीही नडते.

पण फ्रान्स आणि कॅनडाकडून शिकायची खरी गोष्ट टक्का नाहीये. दोन्हीकडे स्टेशनांनी नियमाला बरोबर चुना लावला. कॅनडात १९७१ पासून कोटा आहे, तर स्टेशनं देशी गाणी रात्री आणि आडवेळेला कोंबायची, त्या तासांना लोक चेष्टेने बीव्हरचे तास म्हणायचे, त्यांच्या राष्ट्रीय प्राण्यावरून. म्हणून मग नियम करावा लागला की सोमवार ते शुक्रवार सकाळी सहा ते संध्याकाळी सहामध्येही पस्तीस टक्के भरलेच पाहिजेत. फ्रान्समध्ये स्टेशनं तीच तीच दहा फ्रेंच गाणी दळून टक्का भरायची, शेवटी २०१६ मध्ये कायदा बदलला की तुमच्या फ्रेंच वाजवण्यातला निम्म्याहून जास्त भाग दहाच गाण्यांचा असेल तर निम्म्याच्या वरचा भाग टक्क्यात मोजणारच नाही. आता आयर्लंडमध्ये नुसता तीस टक्क्यांचा नियम आणला तर काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको: यू टू, क्रॅनबेरीज, द स्क्रिप्ट, होझियर, परत यू टू, आणि उरलेलं रात्री दोनला. टक्का भरला, नवीन बँड होता तिथेच.

न्यूझीलंड हे जास्त जवळचं उदाहरण वाटतं मला, लोकसंख्या साधारण तेवढीच, भाषा इंग्रजी, शेजारी दांडगा. त्यांनी व्यापार करारात सक्तीच्या कोट्याचा हक्कच सोडून दिला होता, म्हणून २००२ मध्ये स्टेशनांनी स्वतःहून वीस टक्क्यांचं लक्ष्य मान्य केलं आणि सरकारी पैशातून रेकॉर्डिंगला मदत, स्टेशनांपर्यंत गाणी पोचवायला माणसं, हे सगळं सोबत केलं. काही वर्षांत लक्ष्य गाठलं. त्याआधी दोनचार टक्क्यांच्या गोष्टी चालायच्या. न्यूझीलंडची माणसं मधल्या काळात अचानक सुरात गायला लागली असं तर नसेल ना झालं.

आपल्याला हे सगळं नवीन नाही खरं तर. आकाशवाणीने दोन्ही टोकं करून दाखवलीयेत. बा. वि. केसकर मंत्री असताना १९५२ पासून फिल्मी गाण्यांना आकाशवाणीवर कात्री लागली, लोकांना शास्त्रीय ऐकवून सुधारायचं ठरलं, लोक सुधारले नाहीत, ते रेडिओ सिलोन लावून बसले, आणि १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. श्रोत्याला शाळेत बसवलं की तो पळतो, कोट्याच्या भक्तांनी हे लक्षात ठेवावं. पण त्याच आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर सीताकांत लाडांनी गदिमांच्या मागे लागून १ एप्रिल १९५५ पासून गीतरामायण सुरू केलं, वर्षभर, ५६ गाणी, बाबूजींची चाल. कुठली हुक टेस्ट घेतली होती हो? एका अधिकाऱ्याने स्लॉट दिला, तारीख दिली, आणि गाणं त्या तारखेला पोचायलाच हवं म्हणून माणसं कामाला लागली. एवढी प्रतिभावान माणसं रोज कुठे मिळतात हे मान्य. पण स्लॉटच नसता तर ती प्रतिभा दुसरीकडे कुठेतरी खर्च झाली असती, सिनेमात वगैरे, आणि हे जे झालं ते झालं नसतं.

तर आयर्लंडने करावं काय? कुमिशून ना म्यान म्हणून २०२३ पासून रेडिओ-टीव्हीचा नवीन नियामक आहे, लायसन्स तेच देतात, अटी तेच घालतात. त्यांनी देश, राष्ट्रीयत्व वगैरे ब्रसेल्सशी भांडणात न पडता तीन गोष्टी मागाव्यात. प्रत्येक स्टेशनने दर महिन्याला काय वाजवलं, किती वाजता वाजवलं, ह्याची यादी जाहीर करावी, सॉफ्टवेअरमध्ये ती आहेच, बटण दाबायचा अवकाश. दुसरं, गेल्या वर्षभरात निघालेली इथल्या स्टुडिओत रेकॉर्ड झालेली गाणी सकाळी सात ते संध्याकाळी सातमध्ये किती, एवढाच आकडा बघावा, रात्रीचं मोजूच नये (स्टुडिओ इथला, गाणारा कुठल्याही देशाचा असो, म्हणजे तो आक्षेपही जरा बोथट होतो). आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, दिवसाच्या प्रत्येक जॉकीला तासाला एक गाणं स्वतःच्या मर्जीने लावायची मोकळीक लायसन्समध्येच लिहून घ्यावी. ह्या जॉकींना गाण्याची आवड असते हो, बंद माइकवर बोलायला बसवलं की तीच माणसं कुठला बँड कुठे वाजवतोय ते भरभरून सांगतात, पण दिवसा त्यांच्या हातात काही नसतं. आरटीईबद्दल वेगळं बोलायला हवं, लोक टीव्हीसाठी भरतात त्या लायसन्स फीवर बरंचसं चालणारं आहे ते, टूएफएम दरवर्षी नव्या नावांची रायझिंग यादी काढतं ही चांगली गोष्ट आहे, पण त्या यादीतली नावं ब्रेकफास्टला किती ऐकू येतात तेही त्यांनी सगळ्यात आधी छापावं, सरकारी पैसा घेता तर पहिलं पाऊल तुमचं.

ह्याला सगळ्यात जोरात विरोध होणार तो मालकांकडून. टुडे एफएम, स्पिन, नाइन्टीएट एफएम ही सगळी स्टेशनं २०२१ मध्ये बाउअर ह्या जर्मन कंपनीने घेतली, त्यांचा रेडिओचा धंदा कितीतरी देशांत आहे, आणि अशा धंद्यात सगळीकडे एकाच पद्धतीने प्लेलिस्ट केली तर स्वस्त पडतं हे कुणालाही कळेल. श्रोता चॅनल बदलेल आणि जाहिराती जातील, असं ते म्हणतील. बदलेल कदाचित, पण सगळ्याच स्टेशनांना एकच अट असेल तर तो बदलून जाणार कुठे? आणि भीती खरी का खोटी हे तपासायला काही मोठं शास्त्र लागत नाही. जेएनएलआरचे आकडे वर्षभराच्या सरासरीवर निघतात, म्हणून एक अख्खं वर्ष सकाळी सात ते दहामध्ये तासाला दोन नवीन इथली गाणी लावा, ओळखीच्या गाण्यांच्या मध्ये, जॉकीने बँडचं नाव नीट घेऊन. मग श्रोते किती गेले ते बघू, आणि गेले असतील तर मी गप्प बसेन.